सोनेरी टबवाली जुनी आरसी१० की नवी मिड मोटर बग्गी, आपल्या मुरुमावर काय चालतं?

म्हसरूळ_मुरूम

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा, मला खरंच मदत पाहिजे.

माझे मोठे मामा १९८९ च्या सुमारास अमेरिकेतून परत आले तेव्हा त्यांनी टीम असोसिएटेडची आरसी१० ही रिमोट कंट्रोलची बग्गी आणली होती, ती सोनेरी अ‍ॅल्युमिनियमच्या टबवाली. लहानपणी आम्हाला तिला हात लावायची परवानगी नव्हती, फक्त दिवाळीत मामा ती गच्चीवर काढायचे आणि आम्ही कठड्याला टेकून बघायचो. या वर्षी मामांनी घर आवरताना ती मला दिली. टबच्या, म्हणजे खालच्या सांगाड्याच्या, पोटाचा सोनेरी रंग मागच्या बाजूला पूर्ण घासून गेलाय, खाली चांदीसारखं पांढरं दिसतं, शॉकमधलं तेल सुकून गेलंय, पण शाफ्टला गंजाचा एक ठिपका नाही.

आम्ही चौघं रविवारी सकाळी नाशिकच्या चामरलेण्याच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर गाड्या पळवतो. जमीन म्हणजे सुका मुरूम, वर बारीक खडी, अधेमधे गवत. दोघांकडे नवीन टू व्हील मिड मोटर बग्ग्या आहेत (मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, ढकलतात फक्त मागची दोन चाकं), एकाकडे टॅमियाची टीटी०२बी आहे. मी मामांच्या गाडीत साधी ब्रश मोटर आणि सहा सेलचा बॅटरी पॅक टाकून दोन पॅक पळवले आणि तिसऱ्याला उडीवरून वाकडी पडली, पुढचा उजवा आर्म, म्हणजे चाक धरणारा दांडा, तुटला. तो तुटल्याचं इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी पुन्हा कंट्रोलर हातात घेतला नाही.

पण त्या दोन पॅकमध्ये एक गोष्ट दिसली ती डोक्यातून जात नाहीये. मित्रांच्या नव्या गाड्या वळणात सुंदर वळतात पण वळणातून बाहेर पडताना जरा थ्रॉटल दिला की शेपूट सोडतात आणि गोल फिरतात. मामांची गाडी वळायला आळशी, नाक सरळच जातं, खड्ड्यांवर टणाटण उडते, पण थ्रॉटल दिला की सरळ धरून निघते. पस्तीस-चाळीस वर्षं जुन्या डिझाइनने हे कसं काय केलं?

आता दोन प्रश्न. एक, या दोन चॅसिसमध्ये नेमका फरक काय, कोणीतरी नीट समजावून सांगा, नुसतं "नवीन भारी असतं" असं नको. दोन, जुनी दुरुस्त करू की त्या पैशात नवीन किटसाठी साठवायला लागू, दोन्ही एकदम जमणार नाही.

---

काळी_माती_आडगाव

भाऊ मी सरळ सांगतो, मामांची गाडी साफ करून काचेच्या कपाटात ठेव आणि पळवायला नवीन घे. भावना समजते पण पळवायच्या गाडीला पार्ट लागतात आणि दर रविवारी लागतात. मी स्वतः दोन वर्षं मिड मोटर पळवतोय. पहिले तीन महिने माझीही अशीच फिरायची, इतका वैताग आला की विकायला काढली होती. मग आमच्या शेताच्या कडेला आम्ही तीस फुटांचा पट्टा पाणी मारून रोलरने दाबला, दोन दिवस वाळू दिला आणि त्याच्यावर तीच गाडी, तेच टायर, तीच सेटिंग, अशी चिकटून वळायला लागली की आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. म्हणजे गाडीत दोष नव्हता, जमीन वेगळी पाहिजे होती.

उडीवरची गोष्ट तर विचारूच नको. मिड मोटर हवेत सपाट जाते, चारही चाकांवर उतरते. जुनीचं वजन सगळं मागे लोंबतं त्यामुळे हवेत बुड खाली येतं आणि मग तू लिहिलंस तसं वाकडं उतरणं होतं. तुझा आर्म त्यामुळेच गेला असणार.

---

नाना_रिअर_मोटर

म्हसरूळकर, तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण तू गाडी पळताना बघितलीस आणि त्यावरून विचारलंस. आडगावच्या भाऊंनी जे पट्टा दाबण्याचं लिहिलंय त्यातच निम्मं उत्तर आहे, ते मी जरा मागे जाऊन सांगतो.

आरसी१० आली १९८४ ला, रॉजर कर्टिसने डिझाइन केलेली. त्याच वर्षी टॅमियाची ग्रासहॉपर आली आणि हॉर्नेटपण आली. या दोन पंथांत जमीन-अस्मानाचा फरक होता. ग्रासहॉपरला मागे वेगवेगळे आर्म नाहीतच, मोटर, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल मिळून एकच गठ्ठा, तो सगळाच्या सगळा वर-खाली हलतो, एक चाक दगडावर चढलं की दुसरंही तिरकं होतं. शॉक म्हणजे स्प्रिंग, आत तेल नाही, म्हणून ती बेडकासारखी उड्या मारत जाते. मुलांसाठी ती गाडी अप्रतिम होती, आजही आहे, मोडत नाही. आरसी१० मात्र शर्यतीसाठीच जन्मली. चारही चाकांना स्वतंत्र आर्म, तेलाचे अ‍ॅल्युमिनियम शॉक, बॉल डिफ (वळणात मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा जोड), आणि विमानाच्या बॉडीसारखा घडी घातलेला पत्र्याचा टब. १९८५ ला कॅलिफोर्नियात डेल मारला आयफमार या रिमोट गाड्यांच्या जागतिक संघटनेची पहिली ऑफ-रोड जागतिक स्पर्धा झाली, टू व्हीलमध्ये जे हॅल्सी याच गाडीवर जिंकला. पुढची १९८७ ला इंग्लंडमध्ये रोम्सीला, तिथे जोएल जॉन्सन क्योशोच्या अल्टिमावर जिंकला. दोन्ही गाड्यांची मोटर मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे.

आता का मागे? तेव्हाचे ट्रॅक म्हणजे मोकळी सुकी माती, तुझ्या प्लॉटसारखीच. टायर आजच्या मानाने साधे. टू व्हील गाडीत ढकलायचं काम फक्त मागच्या दोन चाकांचं, त्यांच्यावर वजन नसेल तर ती माती नुसती उकरतात. म्हणून मोटर मागे लटकवली, की तिचं सगळं वजन आणि वर थोडं जास्तच मागच्या चाकांवर दाबलं जातं. अ‍ॅक्सलच्या मागे लटकलेलं वजन पुढची चाकं हलकी करतं, कावडीसारखं, एका बाजूचं जड झालं की दुसरी वर उचलली जाते. त्याची किंमत म्हणून नाक सरळ जातं, वळत नाही. तुला जे दिसलं ते हेच.

मग जग बदललं. अमेरिकेत ट्रॅक चिकणमातीचे झाले, पाणी मारून दाबलेले, त्याच्यावर टायरचं रबर बसून बसून जमीन काळी चकचकीत होते आणि लोक गुळगुळीत टायर लावून पळतात. युरोपात तर अ‍ॅस्ट्रोटर्फ आणि कार्पेट. अशा जमिनीवर मागची चाकं निसटतच नाहीत, उलट ग्रिप इतकी की मागे लटकलेली मोटर घड्याळाच्या लोलकासारखी गाडीला वळणात बाहेर खेचते आणि पुढची चाकं हलकी म्हणून गाडी वळत नाही. मग मोटर अ‍ॅक्सलच्या पुढे आणली. मिड मोटरची कल्पना काही नवीन नव्हती, क्योशोची ऑप्टिमा मिड १९८७ चीच, पण ती फोर व्हील. टू व्हीलमध्ये हे सगळीकडे व्हायला बॅटरीने हात दिला. पूर्वीचा पॅक म्हणजे निकेल-कॅडमियमचे सहा सेल, ७.२ व्होल्ट, १२०० एमएएच, सुमारे ३०० ग्रॅमची जड वीट, ती टबात लांबीने ठेवायलाच लागायची, मग मोटरला मध्ये जागा कुठे? लिपोचा, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा, आखूड शॉर्टी पॅक आला, ९६ मिमी लांब, वजन दोनशेच्या आसपास, आणि मधली जागा मोकळी झाली.

म्हणून नवीन चांगलं की जुनं चांगलं असं विचारूच नकोस. प्रत्येक चॅसिस ज्या जमिनीसाठी काढला त्या जमिनीवर बरोबर आहे. असोसिएटेडनेच बी५ काढली तेव्हा रिअर मोटरचं किट वेगळं आणि मिड मोटरचं वेगळं काढलं होतं, आणि बी६ ला कार्पेटचं साधं आणि मातीचं "डी" अशी दोन. म्हणजे बनवणाऱ्यालाही ठाऊक आहे की एक गाडी सगळीकडे चालत नाही.

तुझी गाडी दुरुस्त कर. आणि एक सांग, गिअरबॉक्स सहा गिअरवाला आहे की तीन गिअरवाला स्टेल्थ? १९८९ ची म्हणजे बहुतेक सहाचा असेल.

---

सातपूर_टर्नर

नानांचं पटलं. मी धातूचं सांगतो, कारण दिवसभर तेच काम आहे.

म्हसरूळकर दादा, तुमचा टब पातळ पत्र्याचा आहे पण त्याच्या बाजू वर घडी केलेल्या आहेत. पत्रा सपाट असताना हाताने वाकतो, तोच कडा दुमडून पन्हळ केला की वाकत नाही, घराच्या पत्र्याला पन्हळ का असते, तेच. टबची सगळी ताकद त्या उभ्या बाजूंत आहे, म्हणून बाजूला चेपा गेला असेल तर तो आधी बघा. पोटाचे ओरखडे सोडून द्या, ते दिसायला वाईट पण ताकद कमी करत नाहीत. चेपा असेल तर हातोडी मारू नका आणि गरम तर मुळीच करू नका, उष्णता दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमचा कडकपणा जातो. लाकडाचा ठोकळा आत ठेवून बाकावरच्या व्हाइसमध्ये सावकाश दाबा.

नवीन गाड्यांत हे उलट. जाड सपाट प्लेट, साधारण अडीच मिलिमीटर, ७०७५ अ‍ॅल्युमिनियम, सीएनसीवर मिल केलेली, आणि बाजूला प्लॅस्टिकचे गार्ड. ७०७५ स्प्रिंगसारखं परत येतं, पण एकदा हद्दीबाहेर गेलं की वाकण्यापेक्षा चिरतं. त्या प्लेटला थोडी लवचीक मुद्दाम ठेवतात, बाजूचे गार्ड घट्ट-सैल करून लोक गाडी किती पिळवटेल ते ठरवतात. जुन्या टबमध्ये ही सोय नाही, तो खोक्यासारखा ताठ. दोन्हीच्या मध्ये बरीच वर्षं फायबर मिसळलेल्या प्लॅस्टिकचे टब होते, बी२ पासून बी४ पर्यंत, ते आपल्या खडीला सगळ्यात सोसायचे असं माझं मत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या गाडीचे स्क्रू इंचाचे आहेत, चार-चाळीस, म्हणजे इंचाला ४० आटे. व्यास २.८४ मिमी, पिच ०.६३५. रविवार कारंजाला कुठल्याही हार्डवेअरमध्ये एमथ्री मिळेल, बघायला सारखाच वाटेल, पण त्याचा व्यास ३ आणि पिच ०.५. दोन आटे जाईल आणि तिसऱ्याला अडकेल, आणि मग माणूस जोर लावतो. माझ्याकडे एकानं अशीच गाडी आणली होती, नायलॉनच्या गिअरबॉक्समधले सगळे आटे मेलेले. इंचाचे स्क्रू वेगळे मागवा, थोडे महाग पडले तरी चालतील. नवीन गाड्या मेट्रिक आहेत, त्यांचं ते सुख आहे, स्क्रू हरवला तर संध्याकाळी आणून बसवता येतो.

नटांना लोखंडी पाना लावू नका, गोल होतील. मापाचा नट ड्रायव्हर घ्या.

---

म्हसरूळ_मुरूम

नाना, तुम्ही कावडीचं लिहिलंत तेव्हापासून हात शिवशिवत होते म्हणून काल रात्री स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. मित्राची मिड मोटर पण मागून आणली. पुढची चाकं काट्यावर आणि मागची चाकं काट्याच्याच उंचीच्या पुस्तकांवर ठेवली, मग उलट. आधी पुस्तकं न ठेवता मोजलं तर आकडा वेगळाच येत होता कारण गाडी तिरकी, मग लक्षात आलं.

मामांची गाडी, आर्म तात्पुरता तारेने बांधून: पुढे ५१० ग्रॅम, मागे १०९०. एकूण १६००, म्हणजे मागे ६८ टक्के.

मित्राची मिड मोटर: पुढे ६००, मागे ९६०. एकूण १५६०, मागे साडेएकसष्ट टक्के.

मग मित्राच्या गाडीची बॅटरी होईल तितकी मागे सरकवली, अडीच सेंटिमीटर सरकली, आणि मला वाटलं आता मोठा फरक पडेल. मागे फक्त २० ग्रॅम वाढलं. म्हणजे बॅटरी सरकवून काही होत नाही का? आणि बाकीचा फरक नुसत्या मोटरच्या जागेचा?

गिअरबॉक्स सहा गिअरवाला आहे नाना, उघडून बघितला, आत ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं होतं, टूथपिकने काढलं. गिअर एकदम नव्यासारखे.

---

नाना_रिअर_मोटर

वा, असं काम करणारी माणसं पाहिजेत. तुझा आकडा बरोबर आहे आणि तो हिशोबात बसतो. बॅटरी २१० ग्रॅमची धर, ती २५ मिमी सरकली, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, साधारण २८० मिमी, गुणून भाग दे, १९ येतात. मोटर १७०-१८० ग्रॅमची, पण ती अ‍ॅक्सलच्या मागे पाच सेंटिमीटरवरून पुढे पाच सेंटिमीटरवर आली म्हणजे १०० मिमीचा फरक, तिथे साठ-पासष्ट ग्रॅम जातात. मोटर हलवणं आणि बॅटरी हलवणं यात म्हणून तिपटीचा फरक. उरलेला फरक तुझ्या जड पॅकचा आणि बाकीच्या वजनाचा.

पण वजनाचा काटा अर्धीच गोष्ट सांगतो, गाडी उभी असतानाची. पळताना मोटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, कुठल्या दिशेने फिरतो त्याचाही परिणाम होतो आणि हे फार कमी लोक बघतात. मित्राच्या मिड मोटरमध्ये आतले गिअर तीन आहेत की चार ते विचार. तीन गिअर असतील तर रोटर चाकांच्या उलट्या दिशेने फिरतो, आणि तू थ्रॉटल दाबलास की तो वेग घेताना चॅसिसला धक्का असा देतो की नाक खाली दबतं, मागची चाकं थोडी हलकी होतात. चार गिअर केले की रोटर चाकांच्याच दिशेने, मग थ्रॉटलबरोबर बुड खाली बसतं आणि मागच्या चाकांना जमीन मिळते. मुरुमावर चार गिअर. तसंच गिअरबॉक्स आडवा झोपवलेला असेल तर मोटर खाली आणि पुढे, ते कार्पेटसाठी. उभा किंवा मागे कललेला असेल तर वजन मागे येतं, ते मातीसाठी. बऱ्याच किटमध्ये हे बदलता येतं पण लोक डब्यातून निघालं तसं चालवतात आणि गाडी फिरते म्हणून गाडीला दोष देतात.

त्याला सांग, बॅटरी मागे, चार गिअर, मागच्या अ‍ॅक्सलजवळ चाळीस-पन्नास ग्रॅमची पितळी पट्टी. वजन वाढेल, वाढू दे, शर्यतीत थोडीच पळवतोय.

तुझ्या गाडीचं उड्या मारणं आधी तेलाने जाईल. सिलिकॉनचंच तेल घाल, ३० वेटने (वेट म्हणजे तेलाचा जाडपणा) सुरुवात कर. शिलाई मशीनचं किंवा इंजिनचं तेल घालू नको, आतले ओ-रिंग फुगतात आणि शाफ्ट अडकतो. आणि आपल्या नाशिकची एक गंमत आहे, डिसेंबरात सकाळी सातला दहा-बारा अंशात तेल जाड असतं, मे महिन्यात दुपारी चाळिशीत तेच पाणी होतं. मी उन्हाळ्यात एक पायरी जाड घालतो, हिवाळ्यात परत पातळ.

---

टीटी०२बी_पेठरोड

मी त्या चौघांतलाच एक, टीटी०२बीवाला. नवीन लोकांसाठी एवढंच लिहितो की आपल्या खडीत फोर व्हील शाफ्टची गाडी फार निर्धास्त आहे. मध्ये लांब शाफ्ट, पुढे-मागे गिअर डिफ, बेल्ट नाही, चेन नाही, खडा कुठे अडकत नाही. ऑप्टिमा चेनवर चालायची, शुमाखरच्या कॅटला बेल्ट होते, त्या गाड्या मातीवर जिंकल्या पण प्रत्येक दिवसानंतर उघडायला लागायच्या. माझी मी पावसाळा सोडून वर्षभर पळवतो, ब्रशने झटकतो, बास.

सेटिंगला फारशी जागा नाही हे मान्य. वळणात ती या दोघांइतकी चपळ नाही.

---

आईच_मेकॅनिक_इंदिरानगर

मी इथे नवीन आहे. माझा मुलगा दहा वर्षांचा आहे, त्याला यातलं फार वेड लागलंय, यूट्यूबवर बघून बघून सगळ्या गाड्यांची नावं पाठ. त्याला पहिली गाडी कोणती द्यावी? नानांनी ग्रासहॉपर लिहिली ती परत मिळते असं कळलं. पण ती जर उड्याच मारत असेल तर त्याचा हिरमोड होईल का? आणि बांधायला किट द्यावं की तयार गाडी? मी स्वतः घरातला मिक्सर, पंखा सगळं उघडते, स्क्रूची भीती नाही.

---

नाना_रिअर_मोटर

ताई, ग्रासहॉपरच द्या आणि किटच द्या. कंपनीने ती २००५ ला पुन्हा काढली, आजही मिळते. उड्या मारते म्हणून हिरमोड होणार नाही, उलट त्या वयात उड्या मारणारीच गाडी आवडते आणि आपण वळणाआधी वेग कमी केला नाही तर काय होतं हे ती लगेच शिकवते. दोन संध्याकाळी बसलात तर बांधून होईल. बांधताना त्याला विचारत राहा हा गिअर इथे का, तो स्प्रिंग तिथे का. डब्यात प्लॅस्टिकचे बुश येतात, त्याऐवजी पहिल्याच दिवशी ५×११×४ मिमीचे बॉल बेअरिंग घाला, नंतर सगळं परत उघडायला नको आणि बुशमध्ये धूळ गेली की ते अंडाकृती होतात, मग चाक डुगडुगतं.

बॅटरी मात्र लिपो देऊ नका इतक्यात, एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) द्या. लिपोची काळजी घ्यायला मोठं माणूस लागतं, पूर्ण उतरू द्यायची नाही, फुगली तर वापरायची नाही, चार्जिंगला सोडून जायचं नाही.

---

सातपूर_टर्नर

ताई, पिनियन, म्हणजे मोटरवरचा छोटा गिअर, बसवताना तो आणि त्याला लागणारा मोठा स्पर गिअर यांच्यामध्ये वहीचा एक कागद ठेवून मोटर घट्ट करा आणि मग कागद ओढून काढा, गिअरच्या मधली जागा बरोबर येते. ग्रासहॉपरमध्ये ती जागा ठरलेलीच असते म्हणा, पण पुढच्या गाडीला कामाला येईल.

---

काळी_माती_आडगाव

नाना, तीन-चार गिअरचं मला माहीतच नव्हतं. काल रात्री माझी उघडली, तीन गिअर. चौथ्या गिअरचा संच किटच्याच पिशवीत दोन वर्षं न उघडता पडलेला. बसवला आणि आज सकाळी दाबलेल्या पट्ट्यावर नाही, मुद्दाम बाजूच्या भुसभुशीत काळ्या मातीवर पळवली. अजून फिरते, पण आधी अर्ध्या थ्रॉटलला फिरायची ती आता पाऊण थ्रॉटलपर्यंत धरते. मोटरची दिशा ईएससीमधून, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधून, उलटी करायला लागली, ते विसरलो होतो, गाडी मागेच पळाली आणि बांधाला धडकली, काही मोडलं नाही.

म्हसरूळकर, कपाटात ठेव म्हटलं होतं ते मागे घेतो. पण पार्टचं माझं म्हणणं कायम आहे. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला पुढच्या आर्मच्या जागी मागचे पाठवले आणि बदलून द्यायला सात आठवडे लावले, त्यात अख्खा हिवाळा गेला. तू एक मागवत असशील तर दोन जोड्या मागव.

---

म्हसरूळ_मुरूम

बारा दिवसांनी लिहितोय. काळी माती भाऊ, तुमचं ऐकून दोन जोड्या मागवल्या आणि आल्या बरोबर. २०१३ ला कंपनीने आरसी१० क्लासिक काढली होती ना, त्यामुळे या गाडीचे आर्म अजून फिरतायत बाजारात, नाहीतर अवघड होतं. चार-चाळीसचे स्क्रू पण आले. जुना तुटलेला आर्म टाकला नाही, मामांना दाखवायला ठेवलाय.

शॉक उघडले, आत तपकिरी चिकट थर होता, पेट्रोल न वापरता साबणाच्या पाण्यात धुतले, नवीन ओ-रिंग, ३० वेट तेल. हवेचे बुडबुडे जायला रात्रभर उभे ठेवले. सकाळी शाफ्ट दाबला तेव्हा जो सावकाश, मऊ, एकसारखा आवाज न करता आत गेला, तो अनुभव मी शब्दांत सांगू शकत नाही, ३५ वर्षांची वस्तू आहे ती.

काल पळवली. उड्या निम्म्याने कमी. मोकळ्या मुरुमावर दहा फेऱ्यांत एकदाही फिरली नाही. मित्राची मिड मोटर, आता चार गिअर आणि पितळी पट्टी लावून, मोजली तर मागे ६४ टक्के, ती पण बरीच धरते आणि वळणात अजूनही माझ्यापेक्षा आत जाते. सरळ पट्ट्यात आणि वळणातून निघताना मी पुढे, वळणात आणि उडीवर तो पुढे. फेरीला आम्ही जवळपास बरोबर येतो. कुणाची भारी हे ठरलंच नाही पण काल आम्ही पाच पॅक संपवले.

एकच राहिलं. नाक अजून सरळ जातं. पुढच्या शॉकला पातळ तेल घालू, की पुढचे टायर बदलू? जुन्या अ‍ॅक्सलला आजचे १२ मिमी हेक्सचे (षटकोनी खाचेचे) रिम मागे बसत नाहीत हे कळलं, पुढचं काय करू?

---

नाना_रिअर_मोटर

आधी टायर. तुझे पुढचे टायर १९८९ चेच असतील तर रबर दगड झालं असणार, नख दाबून बघ, खूण उमटत नसेल तर ते टायर कपाटात. मधोमध उभ्या रेषा असलेला मऊ रिब टायर घे, तो मोकळ्या मातीत खोबणी धरून चालतो. आतला फोम विसरू नको. तेल नंतर बघू, एका वेळी एकच गोष्ट बदल म्हणजे कशाने काय झालं ते कळेल.

मग बॅटरी शक्य तितकी पुढे सरकव, तुझ्या टबात एखादा सेंटिमीटर जागा असेल. दहा-अकरा ग्रॅम पुढे गेले तरी ६८ चे साडेसदुसष्टच्या आसपास टक्के होतील आणि मागची पकड सुटणार नाही.

येत्या रविवारी मी पण येतोय, माझी अल्टिमा घेऊन. साडेसातला पोचतो, ऊन चढायच्या आत. आणि मामांना घेऊन ये, त्यांची गाडी मुरुमावर पळताना त्यांनी कधी बघितलीच नसेल.

---

म्हसरूळ_मुरूम

विचारलं मामांना. म्हणाले, कंट्रोलर पहिल्यांदा माझ्या हातात देशील तर येतो. येतायत.